चाक नांदलं पायजे

राजय्या मिस्त्रींकडून गाडीचं चाक बदलून घेतलं, की त्यांना गाडीवर मागे बसवून सात रस्त्यापर्यंत नेऊन आणावं लागे. ही त्यांची अट होती आणि ती वकिलापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सारखी लागू असे. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या दुकानाच्या पायरीवर पाय देऊन ते सीटवर चढत, दोन्ही हात मांड्यांवर ठेवत आणि डोळे मिटून घेत. वाटेत आपण काही बोललो तर उत्तर मिळत नसे. परत आल्यावर ते जमिनीवर बसत आणि तापलेल्या गाडीचा एकेक नट बोटांनी चाचपत तेलुगूत मोजत, ओकटी, रेंडू, मूडू. मोजणी संपली की गाडी आपली.

पेठेतली माणसं या फेरीची थट्टा करत. मिस्त्रींना फुकटात हवा खायची हौस आहे, असं म्हणत. मीही म्हणत असे. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. गाडीचं चाक सरळ आहे की नाही हे मागे बसलेल्या माणसाला डोळे मिटून कळतं, हे मला पटण्यासारखं नव्हतं. एकदा मी त्यांना तसं विचारलंही. ते म्हणाले, "मास्तर, पुढं बसलं की आपुन गाडीला बोलतो. मागं बसलं की गाडी आपल्याला बोलती."

मिस्त्री मूळचे मागवाले. वडील हातमागावर, ते स्वतः यंत्रमागाच्या कारखान्यात दुरुस्तीला. कारखाना बंद पडल्यावर ते मोटारसायकलींकडे वळले, पण हाताची सवय मागाचीच राहिली. ज्या गाड्यांचे भाग मिळेनासे झाले होते त्यांना दुसऱ्या गाड्यांचे भाग बसवायचे, ही त्यांची खासियत. एका गाडीचं चाक, दुसरीचा ब्रेक, तिसरीचा आस, आणि या तिघांचं पटावं म्हणून मधे घालायच्या चकत्या आणि पट्ट्या जुन्या मागाच्या लोखंडातून घरच्या घरी कापलेल्या. नवी पोरं म्हणत की चाक बसलं. मिस्त्री तो शब्द वापरत नसत. "बसवायला काय, हातोडीनं बी बसतं," ते म्हणत. "परक्या घरचं चाक हाय. नांदलं पायजे की."

काम करताना ते एक विटकी सोलापुरी चादर जमिनीवर अंथरत. चादरीवर चौकटींची नक्षी होती आणि काढलेला प्रत्येक भाग ठरलेल्या चौकटीत जाई. आस वरच्या ओळीत, चकत्या खाली, पिना उजव्या कोपऱ्यात. काम संपलं की चौकटी रिकाम्या झाल्या पाहिजेत. त्या चादरीला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. एरवी हा माणूस आवाज चढवणारा नव्हता, पण एका गिऱ्हाइकाने चादरीवर हेल्मेट ठेवलं तेव्हा त्यांनी ते उचलून थेट रस्त्यावर ठेवलं होतं. म्हातारपणी माणसाचे असे काही हट्ट होतात, अशी मी माझी समजूत करून घेतली होती.

माझा त्यांचा संबंध आला तो अण्णांमुळे, म्हणजे माझ्या वडिलांमुळे. अण्णांची मोटारसायकल माझ्या धाकट्या भावापेक्षा दोन वर्षांनी मोठी. जुळे सोलापुरात आमच्या इमारतीखाली ती उभी असते आणि तिच्या तेलाच्या डागावरून शेजाऱ्यांशी आमचे अधूनमधून खटके उडतात. तिच्या पुढच्या चाकाच्या ब्रेकचा ड्रम तडकला तेव्हा तसा ड्रम कुठेच मिळेना. मी नव्या स्कूटरचा विषय काढला. अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी स्वतःच गाडी ढकलत मिस्त्रींकडे घेऊन गेले.

मिस्त्रींनी एका नव्या गाडीचं चाक ब्रेकसकट त्या जुन्या गाडीला जुळवायला घेतलं. ब्रेकची प्लेट जागच्या जागी धरून ठेवायला एक लोखंडी पट्टी लागते. ती त्यांनी मागाच्या पोलादातून केली, एका नटाने आवळायची ठरवली आणि तो नट सुटू नये म्हणून त्यात आरपार पिन घालायचं ठरवलं. पिन नसेल तर नट हादऱ्याने सैल होतो, पट्टी सुटते, आणि ब्रेक दाबला की पुढचं चाक जागीच अडकतं. हे त्यांनी मला नीट समजावून सांगितलं होतं. म्हणजे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

ज्या सकाळी काम पुरं व्हायचं होतं, त्याच दिवशी अक्कलकोटकडच्या आमच्या गावी चुलतबहिणीचा साखरपुडा होता. अण्णांना आपल्याच गाडीवरून जायचं होतं. मला कॉलेज गाठायचं होतं. आम्ही दोघेही मिस्त्रींच्या डोक्यावर उभे होतो आणि मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होतो. शेवटी गाडी बाहेर काढायला वाट व्हावी म्हणून मी चादरीचं टोक धरून ती हातभर बाजूला ओढली. मिस्त्री तेव्हा आत पाना शोधत होते. ते बाहेर आले, चाकापाशी बसले, पट्टीचा नट आवळला, मग न बघताच उजवीकडे हात टाकला. हाताला रिकामी फरशी लागली. क्षणभर थांबून त्यांनी हात मागे घेतला.

फेरी राहिली, असं ते म्हणाले. मी म्हणालो, परत आल्यावर मारू. अण्णांनी किक मारलीच होती. मिस्त्री पायरीवर एक पाय ठेवून तसेच उभे राहिले.

पुढचं मला संध्याकाळी कळलं, काही अण्णांकडून, काही मिस्त्रींना नेणाऱ्या रिक्षावाल्याकडून. आम्ही गेल्यावर चादर आवरताना मिस्त्रींच्या बोटांना ती पिन लागली. त्यांनी मला फोन केले. मी वर्गात होतो आणि फोन बंद होता. अण्णांना गाडीवर फोन ऐकू येत नाही. मग त्यांनी हात न धुताच रिक्षा पकडली आणि अक्कलकोट रस्त्याला लागले. अण्णांना वाटेत कुंभारीला चहा घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, या एका सवयीने ते वाचले. रिक्षावाल्याला गाडी दिसली. मिस्त्री गाडीपाशी बसले आणि त्यांनी नटाला बोट लावलं. नट शेवटच्या दोन आट्यांवर आला होता. त्यांनी तो आवळला, पिन घातली, तिची टोकं वळवली आणि अण्णांना एवढंच सांगितलं, "एक काम ऱ्हायलं होतं." अण्णांनी त्यांना चहा पाजला. अण्णांना ही सगळी गंमत वाटली. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं. आठवड्याने कळलं की मिस्त्रींनी दुकान कायमचं बंद केलं, कारण हातून चूक झाली. त्यांना काचबिंदू आहे आणि सात-आठ वर्षं त्यांची नजर जात चालली आहे, हेही तेव्हाच कळलं. चादर, तिच्या चौकटी, डोळे मिटून मारलेली फेरी, बोटांनी केलेली मोजणी, या सगळ्याचा अर्थ मला कॉलेजच्या स्टाफरूममध्ये उभ्या उभ्या लागला. ज्या चादरीवर त्यांचं सगळं काम चाललं होतं ती मी ओढली होती. हे एक वाक्य त्यांना जाऊन सांगायला मला चार महिने लागले, आणि तेही मी आपणहून गेलो नाही. मी भित्रा माणूस आहे.

मला पाठवलं ते अण्णांनी. गाडीचं मागचं चाक सात रस्त्याच्या एका मेकॅनिकने बदललं होतं. काम चांगलं दिसत होतं, पण अण्णा गाडीला हात लावेनात. "मिस्त्री मागं बसले का?" एवढंच विचारत. शेवटी एका रविवारी मी गाडी घेऊन मिस्त्रींच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते. गाडीच्या आवाजावरून त्यांनी मला ओळखलं.

बसता बसताच मी सांगून टाकलं की त्या दिवशी चादर मी सरकवली होती. बरेच दिवस मनात घोळवलेली वाक्यं होती, त्यातलं एकही आठवलं नाही.

"ठाव हाय की," ते म्हणाले. "पिन तिच्याच चौकटीत घावली मला. चादरच जाग्यावर न्हवती."

मग दुकान का बंद केलंत, असं मी विचारलं. माझा आवाज बहुधा चढला असावा, कारण आतून त्यांची सून डोकावून गेली.

त्यांनी उजवा हात ओट्यावर टेकवला. मग म्हणाले, "हात रिकामा आला तवा मला वाटलं, पिन घातली असंल. वाटलं. बोट लावून बगितलं न्हाय. घाई तुमची होती मास्तर, पण हात माझा होता. आन् एक चादर हातभर सरकली तर माणूस मरतो, असं दुकान चालवायचं न्हाय."

त्यांनी माझ्यावर रागवावं असं मला फार वाटत होतं. ते ओट्यावरून उतरले, भिंतीला हात लावत गाडीपाशी आले आणि पायरी नसल्यामुळे माझ्या खांद्याचा आधार घेऊन मागे बसले.

आम्ही सात रस्त्याला वळसा घालून आलो. रविवार असल्याने रस्ता मोकळा होता. या वेळी मी काही बोललो नाही, आणि खड्ड्यातून जाताना पाठीमागचा माणूस गाडीकडे कान लावून आहे हे मला पहिल्यांदा जाणवलं. परतल्यावर ते म्हणाले की मागचं चाक दोराभर डावीकडे आहे, साखळीजवळ जरा ओढून घ्या. मी पाना फिरवला, ते सांगत गेले. मग त्यांनी मागचे नट मोजले आणि चाक नांदेल म्हणून सांगितलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते गेले. अण्णा त्यांच्या मयतीला त्याच गाडीवरून गेले. माणसं मला त्यांच्याबद्दल विचारतात तेव्हा मी त्यांच्या करामती सांगतो, कुठल्या गाडीचं काय कशाला जुळवलं ते. त्या रविवारचं शेवटचं सहसा सांगत नाही.

मागचे नट मोजून झाल्यावर मला वाटलं, ते उठतील. ते उठले नाहीत. गाडीला हात लावत, बसल्या बसल्या सरकत ते पुढच्या चाकापाशी गेले. ब्रेकच्या प्लेटवरून बोटं पट्टीवर आली, पट्टीवरून नटावर, आणि नटाच्या टोकाला येऊन थांबली. त्यांनी पिनेची दोन्ही वळलेली टोकं चिमटीत धरून पाहिली. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "हाय."

आणि मी गाडी अण्णांना नेऊन दिली.