मनुका घातलेला शिरा

सैन्यात मी डॉग हँडलर होतो. शेवटचे पोस्टिंग काश्मीरमधल्या एका डोंगरी चौकीवर. माझ्याकडे लॅब्राडोर कुत्री होती, जूली. रस्त्यातले सुरुंग हुंगून काढणे हे तिचे काम. ०५३० ला व्यायाम, ०६३० ला रस्ता तपासणी. परतल्यावर जेवण: बिनमिठाचा भात, हाडे काढलेले उकडलेले चिकन, कधी अंडे, भोपळा, गाजर.

निवृत्त होऊन गावी, कोंढ्याला आलो, तर इथे श्वानप्रेमींचे पीक आलेले. प्रेम म्हणजे काय, तर क्रीमचे बिस्कीट, चॉकलेट, लग्नातल्या मटणाची हाडे, आणि भरवतानाचा व्हिडिओ. कुत्रे लोळायला लागले की मला बोलावतात.

"आमी तं घरचंच देतो ना जी, फौजी काका."

घरचे! कांदा-लसूण घरचेच असतात. ते कुत्र्याला बाधतात. शिजवलेले हाड आतडे फाडते. चॉकलेट, द्राक्षे, मनुका म्हणजे विष. एवढे सांगूनही यांच्या डोक्यात उजेड पडत नाही.

असाच एक अकलेचा कांदा आमच्या चौकीवर होता. लंगरचा कुक धनराज, आपल्याच भागातल्या आंबागडचा. एका रविवारी १००० ला मंदिर परेड झाली. त्याने प्रसादाचा शिरा केला होता, त्यात मनुका मुठीमुठीने. वाटून झाल्यावर उरलेला वाडगा घेऊन तो जूलीपुढे आला.

"मनुका आहेत. नको," मी म्हणालो.

"अबे, देवाचा परसाद हाये. काहून नाही म्हणून राहिला? कुत्रीले मानसाहून मोठी समजतं का?"

सगळे जवान हसले. जूली जागची हलली नाही. माझ्या हुकमाशिवाय ती कोणाच्याही हातचे खात नसे. ती माझ्याकडे बघत होती. हसणे थांबेना. मला लाज वाटली.

"खा," मी म्हणालो.

संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. सोमवारी लघवी बंद. मी रेडिओ घेतला.

"जूली सीरियस. डॉक्टर भेजो. ओव्हर."

"रोड बंद है. कल आएँगे. ओव्हर."

"कल तक नहीं बचेगी. ओव्हर."

"रॉजर. आउट."

मंगळवारी ०७१० ला ती गेली. डॉक्टर ११३० ला पोहोचले. किडन्या निकामी झाल्या, म्हणाले.

"किसने खिलाया?"

"धनराजने, सर."

दुपारी तिला चौकीमागे पुरले. खड्डा धनराजनेच खणला. हाताची माती झटकत तो माझ्याजवळ आला.

"मले मालूम नव्हतं गा. तुले तं मालूम होतं."

मी जूलीच्या खड्ड्याकडे वळलो. सावधान उभा राहून सॅल्यूट केला. जूलीइतका हुकूम पाळणारा जवान मी उभ्या नोकरीत पाहिला नाही, आणि माझ्याइतका नालायक हँडलरही नाही.