‘नाही’चा भाव

माझा धाकटा भाऊ मोबाइलवर गोळीबाराचा गेम खेळायचा आणि त्याचा त्याला पगार मिळायचा. हे नातेवाइकांना समजावून सांगायचा नाद आम्ही कधीच सोडला होता. चौघांचा संघ, विमाननगरच्या एका फ्लॅटवर मुक्काम आणि सराव, अधूनमधून स्पर्धा. त्याला दुसरं काही नको होतं.

मी सदाशिव पेठेतल्या एका क्लासमध्ये गणित शिकवते. तेव्हा फोनवर एक ॲप होतं, आता कायद्याने बंद झालंय. आज अमुक संघ जिंकेल का, एवढाच प्रश्न. ‘हो’ घ्या किंवा ‘नाही’ घ्या, दोन्हींचे भाव मिळून दहा रुपये; बरोबर ठरेल त्याला दहा, चुकेल त्याला शून्य. ‘हो’ सहाला असेल तर लोकांच्या मते जिंकण्याची शक्यता साठ टक्के. संभाव्यता शिकवणाऱ्या बाईला आयतंच कुरण मिळालं. पैसे फुटकळ, चटक होती ती लोक कसे मूर्ख आहेत हे स्वतःला दाखवून देण्याची. भावाच्या संघावर मात्र मी कधी लावत नव्हते.

उपांत्य सामन्याच्या दुपारी आईचा घरून फोन आला. "तो सकाळी येऊन गेला. अंगठा सुजलाय त्याचा. संघात कुणाला सांगितलेलं नाही, तूही बोलू नकोस गं."

बोलले नाहीच. दोन बॅचच्या मधल्या वेळात बसून भावाच्या संघावर ‘नाही’ घेतलं. चारला होतं. पुन्हा घेतलं, पुन्हा घेतलं. त्या प्रश्नावर घेणारे मोजकेच, त्यामुळे ‘नाही’ सातवर गेलं. बाजाराला उशिरा का होईना अक्कल आली, असं मला वाटलं. भाव मीच चढवला होता हे डोक्यात आलं नाही. मग पुढच्या बॅचला शिकवायला गेले.

भावाच्या संघातल्या मुलांची एक पद्धत होती. खेळायला बसण्याआधी कप्तान त्याच ॲपवरचा आपल्या संघाचा भाव मोठ्याने वाचायचा आणि सगळे हसायचे. त्या दिवशी ‘हो’ तासाभरात निम्म्यावर आलं होतं. म्हणजे आतलं काहीतरी बाहेर फुटलंय, असं म्हणत कप्तानाने एकेकाला विचारलं, तेव्हा अंगठा उघडा पडला. राखीव मुलगा खेळला आणि संघ जिंकला. लपवाछपवी करणारा नको म्हणून भावाला काढून टाकलं.

रविवारी तो सामान घेऊन घरी आला. मी कणीक मळत होते.

"ताई, अंगठ्याचं आईशिवाय कुणाला माहीत नव्हतं."

"मला होतं."

"कितीला घेतलंस?"

"चारपासून."

"बुडालीस मग."

लाज वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही. दाताला भूल दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं झालं होतं. कणकेत पाणी जास्त पडलंय एवढंच दिसत होतं.

"मला विचारायचंस तरी," तो म्हणाला. "सूज होती, दुखत नव्हतं. त्याच अंगठ्याने तीन दिवस सराव केला. सगळ्यांत जास्त गुण माझे होते."

दुखतंय का, एवढंच विचारायचं होतं. त्या दुपारी फोन माझ्या हातातच होता.