इंजिनातली दोरी

आमच्या राहात्याचा पुंजाराम हा माणूस संशयाच्या बाबतीत फार कष्टाळू होता. हॉटेलात चहा सांगितला की हा भट्टीपाशी जाऊन उभा, दूध किती पडतं ते बघायला. घरी बायकोनं, छबूबाईनं, चहात साखर कमी टाकली तर विचारणार, "उरलेली कुटं गेली?" ती बाई पण खमकी. म्हणायची, "तुमच्या जिभेला लावायला ठिवलीय." मी शेजारी राहायचो, भिंतीला भिंत लागून. त्यामुळं मला हे सगळं फुकट ऐकायला मिळे. आज आठवलं तरी पोटात हसू मावत नाही.

एकाहत्तर साली त्याच्याकडं एक जुनी अ‍ॅम्बॅसडर होती, भाड्यानं फिरवायचा. एखादा मिस्त्री आतलं चांगलं सामान काढून घेईल आणि भंगार बसवील, ही त्याची कायमची धास्ती. म्हणून पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला हिंगूळ घेऊन त्यानं इंजिनाच्या नटानटावर लाल ठिपके दिले होते. बॉनेट उघडलं की वाटायचं, इंजिनाला गोवर उठलाय.

त्या साली त्याची थोरली लेक चांगुणा पहिलटकरीण होती. शेवगावला दिलेली. बाळंतपणाला तिला माहेरी आणायचं ठरलं. पण व्याही आप्पासाहेब तिखट माणूस. मागच्या दिवाळीला पुंजारामची गाडी शेवगावच्या वेशीत बंद पडली होती आणि व्याह्यांच्याच बैलांनी ती ओढत दारात आणली होती. आप्पासाहेब चार पाहुण्यांत म्हणाले होते, "बैलगाडीनं यायचं हुतं तर तसं सांगायचं की." आता त्यांनी निरोप धाडला : अमावस्येच्या आत या. गाडी आपल्या पायांनी दारात आली तरच सून बसवीन, न्हाईतर बाळंतपण इथंच.

अमावस्या रविवारी. शनिवारी निघायचं. आणि गाडी तर जरा वेगात घेतली की फटफट करायची, चढ आला की जीव टाकायची.

शुक्रवारी सकाळी आम्ही गोरक्षनाथ मिस्त्रीकडं गेलो. आम्ही म्हणजे, पुंजारामनं मला साक्षीदार म्हणून नेलं होतं. "बन्सी, तू फकस्त त्याच्या हाताकडं बघत बस. बोलू नको."

गोरक्षनाथनं गाडी सुरू करून ऐकली. "आण्णा, वॉल्व्हच्या स्प्रिंगा थकल्यात. वॉल्व्ह उघडल्यावर त्याला मागं ओढून मिटवायचं काम स्प्रिंगचं. ती ढिली पडली की वेगात वॉल्व्ह वेळेवर मिटत न्हाई. मग गाडी ओढंल कशी?"

"आन् हेड? इंजिनाचं वरलं डोस्कं खोलावं लागंल न्हवं?"

"हेड कशाला खोलायचं? वरल्या वर बदलतो. दुपारपतुर गाडी घेऊन जावा."

झालं! पुंजारामनं मला कोपरानं ढोसलं. कानात म्हणाला, "नगरचा मिस्त्री म्हनतो हेड उतरावंच लागतं. ह्यो म्हनतो लागत न्हाई. म्हंजी ह्यो जुन्याच स्प्रिंगा पुसून बसवनार."

नगरच्या मिस्त्रीनंही स्प्रिंगांचंच सांगितलं होतं, म्हणून नव्या स्प्रिंगा पुंजारामनं स्वतः तिथूनच आधी आणून ठेवल्या होत्या, ठिपके देऊन. गोरक्षनाथनं एक जुनी काढून नवीच्या शेजारी उभी केली. जुनी चांगली बुटकी दिसत होती.

"बघा आण्णा, कशी बसलीय."

"तूच दाबून बसवली आसंल."

"व्हय, रात्री उशाला घेऊन झोपलो हुतो," मिस्त्री म्हणाला आणि कामाला लागला.

आता त्याची पद्धत सांगतो. स्प्रिंग काढली की वॉल्व्हला वर धरून ठेवणारं काही राहत नाही, तो खाली सिलेंडरात पडतो. म्हणून गोरक्षनाथ प्लग काढायचा, त्या भोकातून सुती दोरी आत सोडायचा आणि हँडल फिरवून पिस्टन वर आणायचा. दोरीचा गोळा होऊन वॉल्व्हला खालून टेकू मिळायचा. मग निवांत स्प्रिंग बदलायची, पिस्टन खाली घ्यायचा, दोरी ओढून काढायची. पण हे तो बोलला नाही आणि आम्ही विचारलं नाही. आम्ही फक्त हात बघत होतो.

पहिल्या सिलेंडरात दोरी गेली तेव्हा पुंजाराम खुर्चीवरून उठलाच. बाहेर आली तेव्हा बसला. दुसऱ्याला तसंच. तिसऱ्या सिलेंडरात दोरी गेली, स्प्रिंगा निघाल्या, आणि तेवढ्यात गोरक्षनाथला कुणीतरी ट्रकचा हॉर्न दाखवायला रस्त्यावर बोलावलं.

"बन्सी, बगितलं?" पुंजाराम फुसफुसला. "दोन डाव आपल्याला दाखवायला काढली. आता ही आत ठिवनार. उद्या वाटंत गाडी बंद पडंल, आन् मी परत ह्याच्याच दारात!"

"अरं, येऊ दे त्याला."

"आला की बुजवंल."

मी अडवेपर्यंत त्यानं हँडल फिरवलं आणि दोरी सर्रकन ओढून घेतली. आत 'खळ्ळ' असा आवाज झाला. 

गोरक्षनाथ आला. त्यानं इंजिनाच्या माथ्यावर बघितलं, प्लगच्या भोकात बघितलं, पुंजारामच्या हातातल्या दोरीकडं बघितलं.

"वॉल्व्ह आत पाडला. आता हेड खोलावं लागंल."

"म्या न्हाई! दोरी ढिली तूच ठिवली हुतीस. इचार बन्सीला, साक्षीला आनलाय त्याला."

दोघं माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "पुंजाराम, साक्षीला आनलंस ना? मग ऐक. हँडल तूच फिरवलंस. दोरी तूच वढलीस. त्यो रस्त्यावर हुता."

 माणसानं स्वतः आणलेला साक्षीदार उलटावा, हे पुंजारामच्या संशयातही बसलेलं नव्हतं!

गोरक्षनाथनं पाना फडक्याला पुसला. "गाडी ढकलत न्या आण्णा. मला चोर समजनाऱ्याचं काम मी करीत न्हाई."

पुंजाराम तिथंच पायरीवर बसला.  मग खालच्या मानेनं म्हणाला, "उद्या न्हाई गेलो तर पोरगी तिकडंच अडकंल रं. तिची आई डोळं लावून बसलीय."

मिस्त्रीनं पाना पुन्हा हातात घेतला. "हेडखालचं गॅस्केट, त्यो मधला पातळ पत्रा, नवं लागंल. श्रीरामपूरला मिळंल, तुमीच आना. पर एक सांगतो. बन्सीभाऊलाबी संगं न्या. मागं कुनी राह्यलेलं चालनार न्हाई."

म्हणजे उघडी गाडी आणि एकटा गोरक्षनाथ! पुंजारामला जहर प्यायला सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. एसटीत चढला, उतरला, पुन्हा चढला. वाटेत मला विचारतो, "आत्ता काय करत आसंल?" मी म्हणालो, "तुझी आठवन काढत आसंल." तरी गॅस्केट मात्र त्यानं चार वेळा उजेडात धरून मगच घेतलं.

परत आलो तर हेड उतरलेलं, वॉल्व्ह पुसून फडक्यावर ठेवलेला. गोरक्षनाथनं आम्हाला बाहेर बसवलं. दिवस मावळायला गाडीचा आवाज आला, सरळ, अखंड. पुंजाराम आत गेला. बॉनेट उघडंच होतं. मी वाट बघत होतो की आता हा वाकून ठिपके मोजणार. त्यानं आत न बघता हातानं बॉनेट लावलं.

शनिवारी मलाही त्यानं बरोबर घेतलं. गाडीनं नेवाशाचा चढ बैलानं गवत खावं तसा सहज संपवला. आप्पासाहेब दारातच उभे होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मागं दोर बांधलेला नाही ना ते बघितलं आणि सुनेला हाक मारली.

चांगुणा बसताना जरा बिचकली. "आण्णा, पोचंल ना?"

"गोरक्षनाथनं बांधलीय. पोचंल."

इतकी वर्षं शेजारी राहून, त्यानं कुणाची हमी घेतलेली मी पहिल्यांदाच ऐकली. पण माणूस बदलला असं समजू नका. व्याह्यांनी लेकीबरोबर तुपाचा डबा दिला होता. कुकाण्याच्या पुढं त्यानं गाडी थांबवली, झाकण उघडलं आणि नाक आत घातलं.

"आण्णा!" चांगुणा म्हणाली, "मामंजींनी दिलंय ते."

"म्हनूनच," पुंजाराम म्हणाला, आणि पुन्हा एकदा वास घेतला.