मस्कतमधले शुक्रवार

भूमेश्वरी रहांगडाले मस्कतला गेली तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. तिरोड्यापासून सहा किलोमीटरवर तिचं गाव. वडील पुरनलाल यांची धानाची शेती, घरात बोलणं कधी पोवारीत, कधी गावच्या मराठीत, आणि सोयरीक पोवारांबाहेर करता येते हे कुणाच्या मनातही येत नसे. तिनं गोंदियात नर्सिंग केलं आणि तिरोड्याच्या एका दवाखान्यात पाच वर्षं नोकरी केली. तेवढ्या काळात दोनदा लग्न ठरून मोडलं. पहिल्यांना मुलगी सावळी वाटली. दुसऱ्यांना रात्रपाळी करणारी सून नको होती, आणि हे त्यांना साखरपुड्याच्या दोन दिवस आधी सुचलं. घरात बुंदीचे लाडू वळून झाले होते. माय सुखवंतानं ते डब्यात भरून गल्लीत वाटले. ‘कायचे लाडू जी?’ असं विचारणाऱ्या बायांपुढे ती नुसता लाडू धरत होती. ते पाहिलं त्या दिवशीच भूमेश्वरीनं नागपूरच्या एका एजन्सीला फोन लावला.

मस्कतमध्ये काम होतं एका घरी. लकवा मारलेली म्हातारी, तिचं औषधपाणी, अंघोळ, मालिश. शुक्रवारी सकाळपासून दिवस मावळेपर्यंत सुट्टी. पहिले काही शुक्रवार तिनं खोलीत कपडे धुण्यात आणि झोपण्यात घालवले. मग एकदा हिंमत करून लाल बस पकडली आणि मत्राला, समुद्राच्या काठी उतरली. थांब्यावर उभी असतानाच मायचा फोन आला.

“काऊन रडून राहिलीस माय? जित्ती आहो ना मी?” भूमेश्वरी फोनवर ओरडली.

मागून कुणीतरी हसलं. तिशीतला एक माणूस, निळ्या शर्टाच्या खिशात टेस्टर अडकवलेला.

“हसले कायले?” फोन ठेवून तिनं विचारलं.

“हसलो नाही जी. दीड वर्षात पहिल्यांदा कोनाच्या तोंडून ‘काऊन’ ऐकलो. कोनतं गाव तुमचं?”

“तिरोड्याकडची आहो.”

“मी नवेगाव बांधचा.”

त्याचं नाव दुर्गेश दिघोरे. ढिवराचा मुलगा, बाप अजून तलावात जाळं टाकणारा. दुर्गेश एसी दुरुस्त करायचा. दीड वर्ष झालं होतं मस्कतमध्ये, पण शहर त्यानं पाहिलं नव्हतं. “मी इथली घरं छपरावरूनच पाहिलो,” तो म्हणाला, “खालचं कसं आहे ते मालूम नाही.” तिलाही मालूम नव्हतं. मग दोघं मिळून खालचं बघायला निघाले.

पहिल्या दिवशी मत्राच्या बाजारात शिरले आणि चुकले. अत्तराची, कापडाची, लोबानाची दुकानं. प्रत्येक गल्ली पुन्हा त्याच चांदीवाल्याकडे आणून सोडायची. तिसऱ्यांदा त्याच्यासमोर आले तेव्हा तो म्हातारा आपल्या पोटाला धरून हसला आणि त्यांना हलवा खायला दिला. मग ठरूनच गेलं. दर शुक्रवारी एखाद्या नव्या नंबरच्या बसमध्ये बसायचं, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि तिथून पायी भटकायचं. कधी कुरुमच्या वाळूत निघाले, कधी नुसत्या गोदामांच्या वस्तीत, जिथे पाहायला काही नव्हतं आणि तरी दिवस पुरला नाही. मासळीबाजारात दुर्गेश लहान मुलासारखा व्हायचा. मासा उचलायचा, कल्ले उघडून बघायचा. “हा कालचा आहे. हा आजचा. आमच्या बांधातल्या मरळीची चव याले नाही, पन अंग पहा कसं आहे!” आपल्या घरच्या कामाविषयी इतक्या आनंदानं बोलणारा माणूस भूमेश्वरीनं तोवर पाहिला नव्हता. तिच्या घरचे पुरुष बोलत ते तक्रार करायला नाहीतर हुकूम सोडायला.

एका कपड्याच्या दुकानात दुकानदारानं त्याला सांगितलं, “भाभीजी को ये वाला अच्छा लगेगा.” दुर्गेश गोंधळून तिच्याकडे बघू लागला. भूमेश्वरीनं ओढणी अंगाला लावून पाहिली आणि म्हणाली, “हा रंग नको.” दुकानदाराची चूक तिनं दुरुस्त केली नाही. 

रियामहून मत्राकडे डोंगरावरून एक जुनी पायवाट उतरते. तिथं तिची चप्पल घसरली. त्यानं हात दिला, आणि सपाटीवर आल्यावरही सोडला नाही. तिनंही सोडवून घेतला नाही.

“भूमा, गावाले गेल्यावर काय?” त्यानं विचारलं.

“पाहू.”

“पाहू म्हंजे?”

“पाहू म्हंजे पाहू.”

तो हसला. त्याला ते ‘हो’ वाटलं. तिलाही तसंच वाटत होतं. खाली पांढरी घरं, बंदरात उभी जहाजं. त्या उंचीवरून पुरनलाल, जात, चार सोयरे सगळं इतकं दूर होतं की तिला आपण काहीही करू शकतो असं वाटत होतं.

दोन वर्षांनी म्हातारी वारली आणि भूमेश्वरीचं काम संपलं. दुर्गेशनं तेव्हाच सुट्टी काढली. एकाच विमानानं दोघं मुंबईला आले, एकाच गाडीनं पुढे. ठरलं असं होतं की भूमेश्वरीनं आधी घरी सांगायचं आणि पंधरा दिवसांनी दुर्गेशनं मामाला घेऊन बोलणी करायला यायचं. त्याच्या गावाला जायला नागपूरहून साकोलीची एसटी सोपी पडली असती, पण तिला सोडायला तो गाडीतच राहिला.

नागपूरपर्यंत ती त्याच्या शेजारी होती. नागपूरला दोन बाया डब्यात चढल्या, आपसात पोवारीत बोलणाऱ्या. भूमेश्वरी उठली आणि समोरच्या बाकावर जाऊन बसली. भंडारा रोड स्टेशन गेल्यावर ती दुसऱ्या खिडकीशी सरकली. दुर्गेश बघत होता. 

तिरोड्याला धाकटा भाऊ उमेंद्र घ्यायला आला होता. दुर्गेशनं तिची मोठी बॅग खाली उतरवली.

“बाई, हे कोन?” उमेंद्रनं विचारलं.

“गाडीतले आहेत,” ती म्हणाली. “बॅग उतरवून देल्ली.”

दुर्गेशनं बॅगेचा पट्टा उमेंद्रच्या हातात दिला. मग म्हणाला, “हो जी, भारी आहे बॅग. सांभाळून न्या,” आणि डब्यात चढला.

संध्याकाळी तिनं गोठ्यामागे जाऊन फोन केला. “एकदम विचारलन त्यानं. माह्या तोंडून निघून गेलं.”

“होते तसं,” दुर्गेश म्हणाला. “पन घरी सांगशीन ना?”

“सांगीन.”

सांगायला पंधरा दिवस होते. पहिले चार दिवस पाहुण्यांत गेले. मग मळणी सुरू झाली, बाबूजींचा जीव थाऱ्यावर नव्हता. मग मायचं बीपी वाढलं. रोज सकाळी ती ठरवायची आणि रोज एक कारण आपणहून चालत यायचं. खरं म्हणजे ती कारणांची वाट बघत असायची. दुर्गेशचा फोन आला की म्हणायची, “आज सांगीन.” चौदाव्या दिवशी त्यानं विचारलं, “मामाले घेऊन येऊ ना मी?” आणि तिला ‘नको, थांब’ म्हणायचंही धाडस झालं नाही. “ये,” ती म्हणाली.

तो आला. मामा केशोराव धुतलेलं धोतर आणि टोपी घालून सोबत होते. पुरनलालनं त्यांना अंगणात खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. गाव विचारलं, आडनाव विचारलं.

“दिघोरे म्हंजे?”

“ढिवर आहोत जी,” केशोराव म्हणाले. “पोराचं आन तुमच्या पोरीचं तिकडंच जुळलं. तुमची मरजी विचाराले आलो.”

 पुरनलालनी घराकडे तोंड करून हाक मारली, “भूमे, बाहेर ये.”

ती दारात आली. हात ओले होते.

“हे म्हनतेत, तुमचं दोघायचं ठरलं आहे. खरं का?”

दुर्गेश तिच्याकडे बघत होता. घाबरलेला नव्हता तो. डोंगरावर हात धरला तेव्हा जसा बघत होता, तसाच बघत होता. शेजारच्या भिंतीवरून दोन डोकी वर आली होती. माय आतून कण्हल्यासारखं काहीतरी म्हणाली.

“वळख आहे,” भूमेश्वरी म्हणाली. “तिकडं आपल्याकडचे म्हनून बोलत होतो. ठरलं गिरलं काही नाही.”

केशोराव उठले आणि भाच्याला म्हणाले, “चाल भासा.” दुर्गेशनं पाण्याचा पेला खुर्चीखाली ठेवला आणि पुरनलालना हात जोडले. “माहीच चूक झाली जी. मी काहीतरी भलतंच समजलो.”

त्यानंतर तिनं फोन केले, त्यानं उचलले नाहीत. आठव्या दिवशी एकदा उचलला. “तुमी काऊन फोन करून राहिले?” तो म्हणाला. पहिल्या भेटीनंतर तो तिला ‘तुमी’ म्हणाला नव्हता. “तुमाले नाही म्हनाचं होतं तं मले एकट्याले म्हनाचं होतं. मी काय मारलो असतो का तुमाले? माह्या मामाले कायले येऊ देलं त्या अंगनात?”  तो मस्कतला परतला. वर्षभरात अर्जुनीकडची मुलगी करून तिलाही तिकडे घेऊन गेला. मत्राच्या काठावर त्या नवरा-बायकोनं काढलेला फोटो भूमेश्वरीनं त्याच्या स्टेटसवर पाहिला. दुसऱ्या दिवसापासून तिला त्याचं स्टेटस दिसेनासं झालं.

ती तिरोड्याच्या दवाखान्यात पुन्हा कामाला लागली. उमेंद्र नागपूरला कंपनीत होता. मागच्या वर्षी त्यानं फोनवर सांगून टाकलं की ऑफिसातली योगेश्वरी म्हणून रायपूरची मुलगी आहे, जात वेगळी आहे, आणि लग्न तिच्याशीच करणार. माय दोन दिवस रडली. पुरनलाल एक वेळ जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी तेच सोयऱ्यांना फोन करून सांगू लागले, “जात नसन आपली, पन लोक खानदानी आहेत.” तिरोड्याच्या लॉनवर लग्न झालं. वरातीत डीजेपुढे पुरनलाल फेटा बांधून नाचले, आणि भूमेश्वरी करवली म्हणून कलश घेऊन मागे चालली.

पाहुणे पांगल्यावर एक दिवस दुपारी बाप एकटा ओसरीत बसला होता. ती समोर जाऊन उभी राहिली.

“बाबूजी, उमेंद्रले हो म्हनले. मले काऊन नाही?”

पुरनलालना कळायला वेळ लागला. मग ते चिडले. “तुले नाही कवा म्हनलो मी? विचारलो होतो तुले, त्यायच्या समोर. तूच म्हनलीस काही ठरलं नाही म्हनून.”

“आन मी हो म्हनली असती तं?”

“तं भडकलो असतो. चार दिवस घरात चूल पेटली नसती. मंग...” ते थांबले. त्या ‘मंग’च्या पुढे काय, हे बहुतेक त्यांनाही माहीत नव्हतं. “आता कायले उकरून राहिलीस?” असं म्हणून ते चप्पल घालून शेताकडे निघून गेले.

तेव्हापासून तिला बापाचा राग धरता येईना. तो धरता आला असता तर बरं झालं असतं. जगायला तेवढा आधार पुरतो. आता रोज तोच हिशोब मनात चालतो. चार दिवस चूल बंद राहिली असती, की चार वर्षं? की बापानं खरंच हाकलून दिलं असतं? तिनं विचारूनच पाहिलं नव्हतं.

गेल्या महिन्यात बालाघाटकडचं एक स्थळ आलं. बिजवर, दोन मुलं. चहा पिऊन झाल्यावर तो माणूस म्हणाला, “परदेशात एकटीला भीती नाही वाटली?”

“नाही वाटली,” भूमेश्वरी म्हणाली. “मले लग्न नाही कराचं. तुमाले उगीच तकलीफ झाली.”

त्या घरात इतकं सरळ ती पहिल्यांदाच बोलली होती. आता बाप ओरडेल, माय रडेल, असं तिला वाटलं. पुरनलालनी पाहुण्यांची माफी मागितली आणि त्यांना गाडीपर्यंत सोडून आले. मायनं कप गोळा केले. कुणी भांडलं नाही, कुणी समजावलं नाही, ‘काऊन’ असं एकानंही विचारलं नाही. थोड्या वेळानं ती गणवेश घालून दुपारच्या ड्युटीवर निघाली.