बर्फातल्या खड्ड्याचा फोटो

तिच्याबद्दल ग्राहकांच्या तक्रारी येतात, असं मी मालकांना सांगितलं. एकाही ग्राहकाने तक्रार केलेली नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला उगाच चांगला माणूस समजणार नाही.

दोह्यातल्या मुशैरिब भागातल्या आमच्या ट्रॅव्हल ऑफिसात मी मॅनेजर. ती रत्नागिरीची, नवरा वारलेला, एकुलती मुलगी इथेच शाळेत. तिला आम्ही सगळे आपा म्हणायचो. ती मला साहेब म्हणायची. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे मला कधी कळलं नाही.

दोह्याच्या उन्हाळ्यात लोकांना अंटार्क्टिका फार जवळचा वाटतो. घाम पुसत कोणी काउंटरवर आलं की आपा पेंग्विनचं माहितीपत्रक त्याच्यापुढे सरकवायची, पण त्यावरचा हात काढायची नाही.

"जाऊन काय करणार?"

"फोटो काढणार."

"ते यात आहेत की. तुमच्यापेक्षा चांगले काढलेत."

ती पहिल्यापासून अशी नव्हती. एकेकाळी सगळ्यात जास्त बुकिंग तिचंच असायचं. म्हणून तर जहाज कंपनीने तिला एकदा फुकट नेऊन आणलं. परत आली तेव्हा आम्ही चहा घेऊन तिच्याभोवती जमलो. तिने एकच फोटो दाखवला. बर्फात गुडघाभर खोल खड्डा.

"हे काय?"

"माझा पाय."

"पाय कुठे दिसतोय?"

"तो काढून घेतला. खड्डा राहिला."

तिथला बर्फ भुसभुशीत. माणूस चालला की पाय आत जातो. पेंग्विन समुद्राकडून पिल्लांकडे त्याच वाटेने जातात. त्यांचे पाय हे एवढेसे. खड्ड्यात पडले तर त्यांना वर येता येत नाही. म्हणून आपला खड्डा आपण बुजवून पुढे जायचं, असा नियम. आपा फोटोच्या घाईत तशीच पुढे गेली. वळून पाहिलं तर एक पेंग्विन आत.

"ओरडला नाही काही. नुसता वर बघत होता. पोटात पिल्लांचं खाणं असणार."

गाइडने बाजूचा बर्फ खणून त्याला वाट करून दिली. आपाने तो फोटो काउंटरवर चिकटवला.

"आम्ही दोघं गेल्याने असा काय फरक पडणार?" ग्राहक विचारायचे.

"मी तर एकटीच होते," आपा म्हणायची. "तिथे कोणी राहत नाही. म्हणजे येऊ नका म्हणणारं पण कोणी नाही."

काहीजण विचार करून सांगतो म्हणत आणि कधीच सांगत नसत. अबू हमूर भागात राहणाऱ्या एका नाशिककर इंजिनियरशी आणि त्याच्या बायकोशी तिने तासभर वाद घातला. त्यांनी तरीही बुकिंग केलं. पण तोवर माझा धीर सुटला होता. महिन्याचा आकडा खाली गेला की मालक मला विचारत, आपाला नाही. मी मालकांना सांगितलं, तक्रारी आहेत, नाशिकवाल्यांचीसुद्धा. मालक म्हणाले, "खलास."

इथे नोकरी गेली की राहण्याची परवानगीही जाते. आपा माझ्याकडे आली.

"साहेब, पोरीची बारावी तेवढी होऊ दे. मला मागे बसवा. व्हिसाचे कागद करते, कोणाशी बोलत नाही."

"मालकांचा निर्णय आहे," मी म्हणालो. "नाशिकवाल्यांनी तक्रार केली. माझ्या हातात काही नाही."

"शुक्रन, साहेब," ती म्हणाली. वर्ष अर्धं सोडून मायलेकी गावी गेल्या. फोटो मी खणात टाकला.

जानेवारीत ते नाशिककर जोडपं ऑफिसात आलं. बाईंच्या हातात पेंग्विनची किल्लीची साखळी होती.

"आपा कुठे आहेत? हे त्यांच्यासाठी आणलंय."

"गावी गेल्या."

"अरेरे. अहो, यांनी तिथे सगळ्यांचे खड्डे बुजवले. दुसऱ्यांचेसुद्धा. शेवटी गाइड म्हणाला, सर, बस करा."

इंजिनियर साखळीकडे बघत म्हणाला, "जहाजाचा काळा धूर त्याच बर्फावर जात होता. आम्ही वर उभे राहून सूप पीत होतो. एकदा गेलो ते गेलो, पुन्हा नाही जाणार. एवढं त्यांना सांगा."

साखळी माझ्याकडे ठेवून ते गेल्यावर मी मालकांच्या केबिनमध्ये जाऊन खरं ते सांगितलं. मालक म्हणाले, "आता सांगून काय उपयोग?" बाहेर येऊन मी आपाला फोन लावला.

"बोला साहेब. कोणाला पाठवताय बर्फात?"

मी मुलीची चौकशी केली.

"वर्ष फुकट गेलं तिचं. जूनमध्ये इथल्या कॉलेजात घालायची. पण आजीशी मराठीत भांडायला लागली आहे, तेवढा फायदा."

मी म्हणालो, "ते नाशिकवाले आले होते. तुमची आठवण काढत होते. तुमच्यासाठी पेंग्विन आणलाय."

"माझ्यासाठी?" आपा म्हणाली. "तक्रार केली ती त्यांनीच ना?"

"त्यांनी नाही केली, आपा. कोणीच नाही केली. मालकांशी मी खोटं बोललो आणि तुमच्याशीही. मला माफ करा."