होडीला धनेशचा हात नको

शांताबाई आमच्या बेव्हर्ली पार्क वसाहतीत दारावर मासळी आणते. तिच्या पाटीतला मासा डोळे मिटून घ्यावा. तिचा स्वतःचा मात्र कुणावर विश्वास नाही. मागच्या वर्षी तर सगळा संशय धाकट्या दिरावर, धनेशवर होता.

वरसाव्याच्या खाडीत तिच्या नवऱ्याची, धर्माची, लाकडी होडी असते. त्यांचं घर त्या होडीवरच चालतं. होडीत रोज सकाळी पाणी साचलेलं दिसायला लागलं. धनेशने नुकतीच फायबरची होडी घेतलेली. "दादा, ही लाकडं फेक आता," असं तो येता-जाता म्हणायचा.

"ताई, त्योच भोकं पाडतोय," शांताबाई मला सुरमई कापता कापता म्हणाली.

धर्मा वैतागायचा. "अख्ख्या गावात तुला एकच चोर दिसतो, माझा भाऊ!"

दर दोन-तीन महिन्यांनी भावाभावांनी होडी किनाऱ्यावर ओढायची, पेंढा पेटवून बूड शेकायचं, ही त्यांच्याकडची रीत. शांताबाईने ती बंद पाडली. "धनेशचा हात होडीला लागायचा न्हाय." एकट्या धर्माला होडी हलेना. ती पाण्यातच राहिली आणि शांताबाई खाडीकाठच्या घराच्या पायरीवर बसून तिची राखण करत राहिली.

मी एकदा कोलंबी घ्यायला तिच्या घरी गेले, तेव्हा ओहोटीने होडी चिखलात टेकली होती. उत्तम सुताराने फळीला पटाशी टोचली, ती मुठीपर्यंत आत गेली. बाहेरून टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. आत पोकळ नळ्याच नळ्या, चुन्याचा हात दिल्यासारख्या पांढऱ्या. त्याने एक लिबलिबीत अळी ओढून काढली. तिच्या तोंडाशी दोन इवले शिंपले.

"दिसते अळी, पण जात तिसऱ्या-शिंपल्यांची," उत्तम म्हणाला. "लाकूड खाऊन वाढते. बूड शेकलं असतं तर तेव्हाच मेली असती."

शांताबाईने अळी निरखली. "पण हिला आणून सोडली कोनी?"

"समुद्राने!" धर्मा ओरडला. "आज ओढली न्हाय तर होडी गेली आपली."

 शांताबाई पदर खोचून धनेशच्या दारात गेली. "भाऊजी, दोर घेऊन या."

"आज माझा हात चालतो काय, वैनी?"

"चालतो. पण फायबरचं नाव काढायचं न्हाय."

तो हसत आला. होडी वर आली, फळ्या बदलल्या, बूड शेकलं. जाळ विझेपर्यंत शांताबाई मात्र धनेशच्या हातांवरच नजर ठेवून उभी होती.