कोटाचं कार्ड

माझ्या फजितीच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. मुलगी बघायला म्हणून मी शेजारच्याच घरात शिरलो, तिथं दोन बशा पोहे हाणले आणि बारशाला आलेल्या बायकांना हुंड्याचं विचारलं — ती तर अख्ख्या पनवेलला पाठ आहे. वडाळे तळ्यात बूट वाचवायला उडी मारली आणि धोतर गमावलं, तीही. मी स्वतःच्या फजित्या फार रंगवून सांगतो. लोक म्हणतात, वसंता दिलदार गडी, स्वतःवर हसतो.

खरं सांगू? माणूस तीस फजित्या सांगतो ना, त्या एकतिसावी कोणी विचारू नये म्हणून.

ही एकतिसावी. बायकोला सांगितलेली नाही. देवापुढंही उच्चारलेली नाही — त्याला माहीत असणारच म्हणून नाही, तर माहीत नसली तर बरं म्हणून.

सुरुवात हसण्यासारखीच आहे, म्हणून तिथूनच धरतो. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी मॅट्रिकला दोनदा आपटून घरी बसलो होतो. आमचे आप्पा लाकडाच्या वखारीवर मुकादम आणि संध्याकाळी तालमीत वस्ताद. मांडीएवढे त्यांचे दंड. आणि त्यांचा हा मुलगा — मी — काय करायचा? माळ्यावर बसून कात्रीनं कागद कापायचा.

दिवाळीची भेटकार्डं तेव्हा मुंबईहून यायची. गुलाब, राजहंस, नाहीतर चंद्राकडं बघणारी बाई. आता मला सांगा, उरणच्या मामाला, ज्याच्या मिशीला दोन्हीकडं लिंबू राहील, त्याला गुलाब कसा पाठवायचा? पुरुषांसाठी म्हणून काही नव्हतंच. मी करायला लागलो. आधी मिशीचं कार्ड — खालची पट्टी ओढली की मिशी वर, सोडली की खाली. मग कुस्तीची गदा. जुन्या जाड पंचांगाची पानं एकमेकांना चिकटवायची, मधून चौकोन कापायचा, आत तपकिरीची डबी बरोब्बर बसायची. वरून पंचांग, आतून व्यसन. आणि मग माझं खरं लाडकं — कोटाचं कार्ड. पाकिटातून काढलं की हातात छोटा कोट. कॉलर दुमडलेली, खिशात रुमालाचं टोक, सिगारेटच्या चांदीची बटणं. बटणं सोडली की कोट उघडायचा आणि आत शुभेच्छा. खळीत मोरचूद घालायचो, झुरळांनी कॉलर खाऊ नये म्हणून.

हे मी कोणाला दाखवू शकत नव्हतो. आप्पांनी एकदा माझ्या हातात कात्री बघितली आणि एवढंच म्हणाले, "बांगड्या आणू का?" पुरुषांची कार्डं करणारा मी पहिलाच, आणि ती करतो हे कळलं तर पुरुषांत माझी गणती होणार नव्हती. गंमत आहे ना? तेव्हा मलाही वाटायची.

तोडगा काढला पदूनं.

पदू म्हणजे पद्माकर, रोडपालीचा, आगरी. घरचं सगळं मिठागरावर. त्याच्या घरात पहिल्यांदा कोणी शिकलं तर हाच. आमच्या बाजारातल्या छापखान्यात तो कंपोझिटर होता, म्हणजे शिशाची उलटी अक्षरं, त्यांना खिळे म्हणतात, एकेक उचलून ओळी जुळवणारा. इतका चपळ, की त्याची बोटं खिळ्यांवरून कोंबडी दाणे टिपते तशी फिरायची. मी दुपारी त्याच्याकडं जाऊन बसायचो. तिथं लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचं कातरण पडलेलं असायचं, ते तो मला बाजूला काढून ठेवायचा. जाड कागद मोडू न देता घडी कशी पाडायची, तेही त्यानंच दाखवलं — बांबूच्या पट्टीनं आधी रेघ दाबायची, मग दुमडायचं.

"माजा नाव लाव," एक दिवस म्हणाला. "तुजे आप्पाला कलला तं तो तुला आखाड्याचे मातीत पुरंल. आमचे नावाला कोन इचारतय!"

आणि तसंच ठरलं. कार्डं माझी, नाव पदूचं. छापखान्याच्या खिडकीत ती टांगलेली असायची. गावातले लोक म्हणायचे, पदूच्या हातात कला आहे हो. पदू माझ्याकडं बघून डोळा मारायचा. पुढं काय वाढून ठेवलंय ते दोघांनाही कुठं दिसत होतं?

छापखान्याचे मालक तात्या. चाळिशीचे, बारीक आवाजाचे, सभ्य गृहस्थ. पहिली बायको गेल्यावर दुसरं लग्न केलेलं, त्यालाही सहा-सात वर्षं झालेली, आणि घरात पाळणा नाही. बाजारात बोललं जायचं — अर्थातच. काकू रोज चार वाजता घरून चहाची किटली घेऊन यायच्या, तिघांनाही चहा द्यायच्या — तात्या, पदू आणि मी, त्या छापखान्याचा कोणीही नसलेला.

मी त्या बाईचा वर्षभर चहा प्यालेला आहे. हे ध्यानात ठेवा. मी ठेवलं नाही.

शिमगा आला. होळीपासून रंगपंचमीपर्यंत आमच्याकडं वाटेल ते बोलायची मुभा. त्या पाच दिवसांत कोणी कोणाचं मनावर घेत नाही, असं म्हणतात. आम्हा टवाळांची एक रीत होती. गावातल्या प्रतिष्ठित माणसांना निनावी पत्रं टाकायची, आणि तीही बिनतिकिटाची, नॉटपेड — म्हणजे त्यानं पोस्टमनला दंड भरून आपलीच शिवी विकत घ्यायची. त्या वर्षी मला वाटलं, नुसतं पत्र काय टाकायचं? कलावंत ना मी!

तात्यांसाठी मी कोट केला. आजवरचा सर्वांत चांगला. कॉफीच्या रंगाचा कागद, खांद्याला शिलाईची टिंबं. कोट उघडला की आत शर्ट. शर्ट उघडला की बंडी. बंडी उघडली की आणखी एक, लहान कोट. त्याच्या आत शर्ट, बंडी. असं तीनदा. आणि शेवटी, सगळ्यांत आत, कोरा चौकोन. त्याच्याखाली दोन ओळी — कोट सोडून पाहिला, बंडी सोडून पाहिली. आत पुरुष सापडल्यास काकूंना कळवणे.

हसलो. एकटाच माळ्यावर बसून पोट धरून हसलो. तीन दिवस लागले ते करायला, आणि त्या तीन दिवसांत एकदाही — एकदाही माझ्या डोळ्यांपुढं त्या बाईचा चेहरा आला नाही? आला होता. कबुलीजबाब आहे ना, मग सांगतो. आला होता, आणि मी 'काकूंना' हा शब्द अधिक ठसठशीत काढला.

मी धरून चाललो होतो की ते तात्यांच्या हाती पडेल. पण पोस्टमन घरी गेला. दंड काकूंनी भरला. काकूंना वाचता येत नव्हतं, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी पाकीट उघडलं आणि आत तो कोट. त्या हरखल्या. आपल्या नवऱ्याला कोणीतरी एवढं नाजूक काम करून पाठवलंय! त्या तशाच शेजारी गेल्या. तिथं ओटीवर पापड लाटायला सात-आठ बायका बसलेल्या. काकूंनी स्वतःच्या हातानं एकेक बटण सोडून सगळ्यांना दाखवलं, आणि मग मास्तरीणबाईंना म्हणाल्या, "वाचा ना, ह्यांना काय लिहिलंय ते."

मास्तरीणबाईंनी वाचायला सुरुवात केली. पहिली ओळ पूर्ण मोठ्यानं वाचली. दुसरी अर्धी.

हे मला नंतर कळलं. मला फक्त एवढंच दिसलं की त्या दिवशी चार वाजता चहा आला नाही, तात्या आले. हातात कार्ड. आरडाओरडा नाही. त्यांनी ते खिळ्यांच्या केसवर, म्हणजे खणांच्या लाकडी पेटीवर ठेवलं आणि कागदाची कड चिमटीत धरली. गेल्या माघात एका लग्नपत्रिकेसाठी मागवलेला कागद होता तो, आख्ख्या पनवेलमध्ये दुसरीकडं नव्हता.

"पदू, हे तुझं?"

पदूनं कार्ड बघितलं. उघडलं नाही. मग माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, मला राग चालला असता. तो नुसता थांबला होता. मी बोलेन म्हणून. नाव देताना त्यानं शब्द दिला होता, आणि तो शब्द मोडायचा तर मीच मोडायला हवा, एवढं साधं होतं त्याचं.

तात्या माझ्याकडं वळले. "वसंता, तू रोज असतोस इथं. तू सांग."

काय सांगायला हवं होतं? दोन शब्द. माझं आहे. फार तर आप्पांनी चामडी सोलली असती, गावानं महिनाभर बायक्या म्हटलं असतं. महिनाभर! एवढंच होतं पलीकडच्या पारड्यात.

मी म्हणालो, "कार्डं तर पदूच करतो, तात्या."

मी गप्प राहिलो नाही, हे ऐका. गप्प बसणारा भित्रा असतो. मी बोललो. आणि शब्दही असे निवडले की त्यात पकडता येईल असं खोटं काही नव्हतं — सगळा गाव तेच म्हणायचा.

पदू म्हणाला, "हां. माजाच हाय." हातातली जुळवलेली ओळ त्यानं नीट जागेवर ठेवली, हात पुसले, आणि गेला. परत आला नाही. गावात कोणी त्याला कामावर ठेवणार नव्हतं. मालकाच्या घरात हात घालणारा माणूस कोण ठेवेल? तो रोडपालीला जाऊन मिठागरावर उतरला. बाजारात लोक म्हणत, शेवटी जात दाखवलीन. हे वाक्य माझ्यासमोर किती वेळा बोललं गेलं असेल? मी मान हलवली. प्रत्येक वेळी.

अजून संपलं नाही. आठवड्यानं तात्या म्हणाले, "तू रिकामाच आहेस. तुला खिळे ओळखता येतात. ये उद्यापासून." आणि मी गेलो. पदूच्या केसपुढं, पदूच्या स्टुलावर. आप्पांनी पेढे वाटले, मुलगा मार्गाला लागला म्हणून.

काकू वर्षभर छापखान्याकडं फिरकल्या नाहीत. पापडांना गेल्या नाहीत, हळदीकुंकवाला गेल्या नाहीत. एकदा मी त्यांच्या घरी प्रुफं घेऊन गेलो होतो, तेव्हा पाण्याचा तांब्या ठेवता ठेवता एकदम म्हणाल्या, "कोट मात्र छान केला होता रे मेल्यानं."

आणि मला — काय सांगू — मला क्षणभर आनंद झाला. माझ्या कामाची तारीफ झाली म्हणून. त्या क्षणानंतर मी स्वतःविषयी कुठलीही वाईट गोष्ट खोटी मानत नाही.

पदूला भेटायला तीनदा निघालो. तिन्ही वेळा खाडीच्या बांधापर्यंत गेलो आणि मिठाचे पांढरे ढीग दिसले की परतलो. मग वाटलं, कार्ड करावं. हसू नका, मला दुसरं येतं काय? अकरा कार्डं केली. पुरुषानं पुरुषाची माफी मागायची तर कागदावर काय चिकटवायचं? मिशी? गदा? कोट? सगळी बंबात घातली. त्यानंतर कात्रीला हात लावला नाही.

सहा वर्षांनी, एका सकाळी, पदू छापखान्यात आला. धाकट्या भावाची लग्नपत्रिका छापायची होती. तेव्हा तात्या गावाला गेलेले. मी होतो, आणि बाकावर शाळेचे जुने गुरुजी आपल्या सत्यनारायणाच्या निमंत्रणाचं प्रूफ तपासत बसले होते. पदूचे केस कपाळावरून मागं गेलेले, बोटांच्या पेरांना भेगा आणि भेगांत मीठ. मी तिथंच मजकूर जुळवला. तो जुळणीच्या दगडावरच्या उलट्या ओळी वाचत होता, पूर्वीसारख्याच भराभर. एक अक्षर खाली डोकं वर पाय असं बसलं होतं. ते उचलायला त्यानं दोन बोटं घातली. चिमटीत धरता येईना. दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा खाली पडलं. त्यानं हात मागं घेतला आणि धोतराला पुसला.

मग सहज, अगदी सहज म्हणाला, "कार्डा करतस का रं अजून?"

गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं. "कसली कार्डं?"

आता मला कोणाचं भय होतं? आप्पा वारलेले. कार्डं करणं म्हणजे बायकीपणा असं म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. समोर एक अर्धवट बहिरे गुरुजी आणि एक पदू. दार उघडं होतं, आत जायचं होतं फक्त.

मी हसलो. माझं ते नेहमीचं, दिलदार हसू. "अहो गुरुजी, हा करायचा पूर्वी. कोटाची. कलावंत माणूस!"

पदू माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "हां. मीच करायचो." पत्रिकांसाठी कधी येऊ विचारलं, आणि गेला. पत्रिका न्यायला भावाला पाठवलं.

त्यालाही आता सात वर्षं होतील. पदू रोडपालीलाच आहे. लोक अजूनही अधूनमधून म्हणतात, तो आगरी कंपोझिटर, काय सुरेख कार्डं करायचा, पण जिभेनं आणि हातानं वाया गेला.

मिशीचं कार्ड मी केलं. पंचांगाची डबी मी केली. तात्यांच्या घरी गेलेला कोट मी केला, त्याच्या आतल्या ओळी मी लिहिल्या. पदूनं आयुष्यात एकही कार्ड केलेलं नाही.